गीताने सुवार्ता सांगणाऱ्या भगिनी लक्ष्मीबाई टिळक

(मंडळीच्या व भगिनी-सभेच्या अभ्यासासाठी)

शास्त्रपाठ : निर्गम 15:20–21, 1 शमुवेल 2:1–10, लूक 1:46–55, कलस्सैकरांस पत्र 3:16.

शिकविणारांस सूचना : हा धडा दोन बैठकींत घ्यावा. पहिल्या बैठकीत शास्त्रपाठ व चरित्र, दुसऱ्या बैठकीत शिकण्याजोग्या गोष्टी व प्रश्न. ज्या भगिनींस वाचता येत नाही त्यांस मागे बसवू नये. या धड्यात त्यांच्याजवळून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

विषयप्रवेश

वरील चार पाठांपैकी पहिल्या तिहींत एकेक गाणारी स्त्री आपणांस भेटते. तांबड्या समुद्राच्या पलीकडल्या तीरावर मिर्याम डफ हाती घेते आणि तिच्यामागून सर्व बायका निघतात. हन्ना आपले नवसाचे मूल मंदिरात ठेवून परत जावयाची असते. अशा वेळी रडण्याऐवजी ती स्तुती करिते. मरिया डोंगराळ प्रदेशातील आपल्या नातलगीच्या घरी जाते आणि तेथे तिच्या मुखातून जे गीत निघते ते मंडळी आजवर गात आली आहे. या तिघींपैकी एकीच्याही हातात पुस्तक नव्हते, आणि एकीनेही प्रथम कोणाची परवानगी मागितली नाही. अंतःकरण भरून आले आणि गीत बाहेर पडले. चौथ्या पाठात प्रेषित पौल सर्व मंडळीस सांगतो की, गीते ही परस्परांस शिकविण्याचे व बोध करण्याचे साधन होत. गाणे म्हणजे उपदेशापूर्वी वेळ घालविण्याची सोय नव्हे. तोही एक उपदेशच आहे.

दूरदेशीच्या मंडळ्यांतही अशा भगिनी होऊन गेल्या. अमेरिकेतील महालिया जॅक्सन (1911–1972) हिचे नाव आमच्या पुष्कळ तरुणांनी ऐकले असेल. न्यू ऑर्लिन्स शहरात गरीब निग्रो कुटुंबात ती जन्मली, लहानपणीच आईवेगळी झाली आणि पुढे शिकागो येथे लोकांचे कपडे धुऊन पोट भरीत मंडळीत गाऊ लागली. दारूच्या गुत्त्यांत व रंगमहालांत गाण्यास तिला मोठमोठ्या रकमा देऊ केल्या, परंतु देवाचे गीत तेथे गावयाचे नाही हा आपला नेम तिने सोडला नाही. 1963 साली वॉशिंग्टन येथे आपल्या लोकांच्या हक्कांसाठी जमलेल्या लाखो लोकांपुढे ती गायिली, आणि 1971 साली आपल्या भारत देशातही येऊन गायिली. अशा साक्षीबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. परंतु आपल्याच मराठी मंडळीत, आपल्याच भाषेत, आपल्याच चालीवर ख्रिस्ताचे चरित्र गाणारी एक भगिनी होऊन गेली, तिची ओळख आपल्या लेकरांस कितपत आहे? तीच या धड्यात करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

जलालपूरचे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळ गोदातीरी असलेल्या जलालपूर या गावी, गोखले यांच्या घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांस फाशी झाली होती. या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा असा काही ध्यास घेतला की, बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेतल्यावाचून घरात येत नसे, आणि कोणाचा स्पर्श झाला की घरातल्या लेकरांच्या पाठीमागे स्नान लागे. विटाळाच्या भयाखाली वाढलेल्या या मुलीने पुढे सर्व जातींच्या लेकरांस मांडीवर घेतले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

1880 साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. टिळक कवी, विद्वान आणि मनाचे उदार, परंतु संसाराच्या कामी अत्यंत बेफिकीर. हाती आलेला पैसा दुसऱ्या गरजवंतास देऊन मोकळे व्हावे, एका गावी बिऱ्हाड थाटावे आणि लवकरच मोडावे, असा त्यांचा क्रम. लक्ष्मीबाईंस शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख त्यांना घरीच, पतीकडून झाली. शिकविणारा तापट व शिकणारी विनोदी, यामुळे त्या अभ्यासात हसणे व रडणे दोन्ही होते, हे त्यांच्या आत्मचरित्रावरून दिसते.

वियोगाची वर्षे

टिळकांस आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. कडेवर लहानगा दत्तू, आणि पती जिवंत असता पतीस मुकलेली अशी त्यांची दशा झाली. त्या काळी अशा स्त्रीस समाजात ना सवाष्णीचे स्थान, ना विधवेचे. सुमारे चार-पाच वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. शोकाने शरीर खंगले. पंढरपुरासारख्या क्षेत्री दिवस काढले. याच काळात त्यांच्या दुःखाला पद्याची वाट सापडली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. टिळकांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आमच्या मंडळ्यांत नेहमी आनंदाने सांगितली जाते, आणि ती आनंदाचीच आहे. परंतु त्याच दिवशी एका घरात आकांत झाला होता, हे आम्ही पाळक लोक बहुधा सांगत नाही. प्रभूने आपल्याला अनुसरण्याची किंमत लपवून ठेविली नाही. पण ती किंमत पुष्कळ वेळा अनुसरणाराहून त्याच्या घरच्या माणसासच अधिक भरावी लागते. मावळातील आमच्या वाड्यावस्त्यांतही अशी घरे आहेत. जो एकटा प्रभूकडे आला त्याचे अभिनंदन करताना, मागे राहिलेल्या माणसाच्या दारी सहानुभूतीने गेले पाहिजे. ते माणूस आपला शत्रू नव्हे. कदाचित उद्याची लक्ष्मीबाई तेच असेल.

लोणावळ्याचे रान

याच 1895 सालच्या एप्रिल महिन्यात आपल्या लोणावळ्यास एक गोष्ट घडली. येथे भरलेल्या ख्रिस्ती शिबिरसभेस पंडिता रमाबाई आपल्या पंधरा मुलींसह आल्या होत्या. रमाबाई याही गाणाऱ्या-सांगणाऱ्या घराण्यातल्या. आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगावे आणि त्यावर निर्वाह करावा, असे त्यांचे बालपण गेले होते. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. सूर्य उगवत होता. तेथे त्यांनी प्रार्थना केली की, प्रभूने या पंधरांची पंधरापट, म्हणजे दोनशे पंचवीस, लेकरे आपणांस द्यावी. पुढे 1896–97 चा दुष्काळ पडला. मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले.

एकाच वर्षी, एकाच महाराष्ट्रात, दोन ब्राह्मण स्त्रिया. एक लोणावळ्याच्या रानात उगवत्या सूर्याकडे पाहून मागणे मागते, दुसरी पतीच्या वियोगाने अंधारात बसली आहे. देव दोघींनाही वापरणार होता, परंतु दुसरीला त्याची कल्पनाही नव्हती. ज्या भगिनीची आज रात्र चालली आहे तिने यावरून धीर घ्यावा.

स्वतःच्या पायाने आलेली

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) आल्या. त्या आल्या त्या पत्नी म्हणून, ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, सोवळे निराळे. टिळकांनी त्यांच्यावर बळजोरी केली नाही, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे. हळूहळू त्यांच्या मनात विचार सुरू झाला की, ही जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांत देवाने जाती केल्या त्या डोळ्यांस दिसतात. माणसामाणसांतला हा भेद कोठे दिसतो? एकदा उत्तर मिळाल्यावर त्यांनी अर्धवट काही ठेविले नाही. ज्यांच्या सावलीचे भय बाळपणी शिकविले होते त्यांच्या हातचे अन्नपाणी त्यांनी घेतले, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरचा काळ दुष्काळाचा व प्लेगाचा. टिळकांच्या घरी अनाथ लेकरांची रीघ लागली, आणि तुटपुंज्या पगारात त्यांचे पोट भरण्याचे काम लक्ष्मीबाईंवर पडले. इकडे टिळक मंडळीसाठी एकामागून एक पदे व अभंग रचीत होते. त्यापूर्वी आपल्या गायनपुस्तकांत इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरे फार असत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचे व भजनाचे रूप दिले. ज्या इंद्रायणीच्या तीरी देहू व आळंदी वसली, तिचा उगम आपल्या लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे आहे. त्या नदीचे पाणी पिणाऱ्या आम्हां मावळकरांस अभंग परका कसा वाटावा?

अर्धे राहिलेले काम

1909 साली टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले. प्रभूचे संपूर्ण चरित्र मराठी ओवीत, खेड्यातल्या माणसास पोथीसारखे मोठ्याने वाचता येईल अशा रीतीने लिहावयाचे, हा त्यांचा संकल्प होता. गोव्यात फादर स्तीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले होते. त्याच परंपरेत, परंतु देशावरच्या मराठीत, हे काम व्हावयाचे होते. टिळकांचे सुमारे दहा-अकरा अध्याय झाले. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही चळवळ सुरू केली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईस ते देवाघरी गेले.

विद्वान कवीने अपुरे ठेविलेले महाकाव्य कोण पुरे करणार? ज्या बाईला शाळेचे तोंड ठाऊक नव्हते, जिच्या शुद्धलेखनास लोक हसत, तिने ते हाती घेतले. वैधव्य, उतारवय, मुलाबरोबर कराचीपर्यंतचा प्रवास, हे सर्व चालू असता लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहिले. म्हणजे ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांचा आहे. शेवटला हात त्यांचे पुत्र देवदत्त यांनी फिरविला आणि संपूर्ण ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास लक्ष्मीबाई नव्हत्या. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेविला होता. तत्पूर्वी 1933 साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान त्यांना देण्यात आले होते, आणि 1934 पासून त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले होते. त्या पुस्तकास मराठी वाङ्मयात जे स्थान आहे ते सर्व धर्मांचे वाचक मान्य करितात. 1950 साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. परंतु 'स्मृतिचित्रे' वाचणारे जितके, तितके 'ख्रिस्तायन' मोठ्याने वाचणारे आमच्या मंडळीत नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

ओवी ही बायकांची

लक्ष्मीबाईंस हे काम साधले याचे एक कारण आपल्या मावळातच उमजते. ओवी पंडितांनी पोथीत लिहिली खरी, परंतु पहाटे जात्यावर ती गायिली ती बायकांनीच. दळता दळता सासर, माहेर, भाऊ, लेक, पाऊस, देव, सगळे ओवीत येई. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी 1980 नंतरच्या काळात मुळशी, मावळ आदी डोंगरी भागांतून व पुढे इतर जिल्ह्यांतून बायकांच्या मुखातील ओव्या उतरवून घेण्यास आरंभ केला. हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. निरक्षर म्हणून जिला आम्ही सभेत मागे बसवितो तिच्याजवळ केवढे भांडार होते, याची यावरून कल्पना यावी. लक्ष्मीबाई याच शाळेतल्या होत्या. विद्वानांची भाषा त्यांनी घेतली नाही. घरात, माजघरात, विहिरीवर जी मराठी बोलतात तिच्यात त्यांनी प्रभूची कथा सांगितली.

आता गावोगाव विजेची चक्की आली. बायकांचे कष्ट वाचले हे बरेच झाले. कोणी पुन्हा जाते ओढावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जात्याबरोबर ओवीही गेली. उपासनेत ध्वनिवर्धक आला, तरुण मंडळी यंत्राच्या साथीवर नवी गाणी गातात, आणि आजीबाई नुसत्या ऐकत बसतात.

यासंबंधी आमचा स्वतःचा एक दोष येथे कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी नाताळच्या उपासनेच्या आधी, आमच्या हाताखालच्या एका लहान मंडळीत एक वृद्ध बाई हलक्या आवाजात ओव्या म्हणत होती. गोठा, थंडी, बाळाला गुंडाळलेले फडके, असे काहीसे तिचे स्वतःचेच बोल होते. लोक येत होते, आम्ही घाईत होतो. "आजी, उपासनेत पुस्तकातलीच पदे म्हणावयाची," असे आम्ही तिला सांगितले. रागाने नव्हे, शिस्तीसाठी. ती पदर सावरून गप्प बसली. त्यानंतर आमच्या कानी तिची ओवी पुन्हा कधी आली नाही. दोन पावसाळ्यांनी ती वारली, तेव्हा तिच्या सुनेने सांगितले की, ते गाणे कोणीच लिहून घेतले नाही. 'ख्रिस्तायन' उघडताना आम्हांस दर वेळी ती आजी आठवते. लक्ष्मीबाईंस कोणी असेच गप्प बसविले असते तर मराठी मंडळी केवढ्या ठेव्यास मुकली असती! आणि आमच्यासारख्यांच्या शिस्तीपायी ती आणखी कशाकशास मुकली असेल, ते देवासच ठाऊक.

शिकण्याजोग्या गोष्टी

1. विश्वास हा ज्याचा त्याने धरावयाचा असतो. लक्ष्मीबाई पतीमागून आल्या, तरी पतीच्या विश्वासावर आल्या नाहीत. त्यांनी स्वतः विचार केला आणि स्वतःच्या पायाने त्या प्रभूकडे आल्या. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या आमच्या मुलामुलींनीही असेच आले पाहिजे. बापाचे नाव मंडळीच्या पटावर आहे, एवढ्याने भागत नाही.

2. जातीचा अभिमान मनातून काढण्यास कष्ट पडतात. त्यांनी तो काढला. आम्ही मंडळीत येऊनही सोयरिकीच्या वेळी पूर्वीची जात विचारीत असू, तर आम्ही त्यांच्या आरंभापर्यंतही पोहोचलो नाही.

3. अपुरे काम उचलणे हीही सेवाच होय. आरंभ करणाराचे नाव मोठे होते. पुरे करणारीचे कष्ट मोठे होते. मंडळीत पुष्कळ कामे कोणाच्या तरी मागे अर्धी राहिली आहेत. ती उचलण्यास पंडितच लागतो असे नाही.

4. शिक्षण चांगले, परंतु त्याच्या अभावी देवाचे दान अडत नाही. म्हणून मुलींस शाळेत जरूर घालावे, आणि आज्यांच्या पायाशीही बसवावे.

मंडळ्यांनी काय करावे

आमची एक नम्र सूचना आहे. येत्या महिन्यात प्रत्येक मंडळीने दोन भगिनींची नेमणूक करावी. त्यांनी गावातील वृद्ध बायकांकडे जाऊन प्रभूसंबंधी त्यांस ज्या ओव्या, जी जुनी भजने येतात ती लिहून घ्यावी. मोबाइलवर आवाज भरून घेतल्यास चालही टिकेल. भगिनीची संमती प्रथम घ्यावी आणि कागदावर तिचे नाव लिहावे. आठवड्यातून एकदा कुटुंबोपासनेत 'ख्रिस्तायना'तील थोडा भाग मोठ्याने, ओवीच्या चालीवर वाचावा. घरातल्या सर्वांत वडील बाईने चाल धरावी, लेकरांनी तिच्यामागून म्हणावे. नवी गाणी बंद करावी असे यात नाही. घरात नवा दिवा आला म्हणून कोणी समई फेकून देत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

1. मिर्याम, हन्ना व मरिया यांनी कोणकोणत्या प्रसंगी गीत गाइले? यांपैकी कोणता प्रसंग आपल्यावर आला आहे?

2. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर मंडळीने लक्ष्मीबाईंसाठी काय करावयास हवे होते? आपल्या गावात अशा स्थितीत आज कोणी आहे काय?

3. लक्ष्मीबाईंनी जातिभेद कोणत्या विचाराने सोडला? तो आपल्यात कोठे कोठे उरला आहे?

4. आपल्या मंडळीत कोणाचा आवाज आपण गप्प बसविला आहे काय? आता काय करता येईल?

5. कलस्सैकरांस पत्र 3:16 प्रमाणे गीत हे शिकविण्याचे साधन आहे. गेल्या रविवारी गाइलेल्या गीताने आपणांस काय शिकविले?

समाप्ती

लोणावळ्याच्या रानात आजही सूर्य उगवतो आणि इंद्रायणी आजही देहू-आळंदीकडे वाहते. ज्याने 1895 साली एका भगिनीचे मागणे ऐकले व दुसरीच्या शोकातून गीत काढले, तो बदललेला नाही. आपल्या वाडीतील एखाद्या ओसरीवर बसलेल्या आजीच्या ओठांवर त्याने अजूनही एखादे गीत ठेविले असेल. ते ऐकण्यास आपण उशीर करू नये. एका आजीकडे जाण्यास आम्ही उशीर केला. वाचकांनी तसे करू नये, एवढीच विनंती आहे. प्रभू आपल्या सर्व मंडळ्यांस नवे गीत देवो, आणि ते गाणारांस मान देण्याची बुद्धी आम्हां पाळकांस देवो. आमेन.